आवडलेले चित्रपट आणि सांगितलेले चित्रपट

एखाद्या परिचित गृहस्थांना आपण सहज विचारतो, "काय हो, तुम्हांला कोणत्या तऱ्हेचे चित्रपट आवडतात?" प्रश्न निरुपद्रवी आहे. भाजी कोणती आवडते, असे विचारण्याइतकाच तो साधा आहे. पण उत्तर देण्यापूर्वी गृहस्थ क्षणभर थांबतात, आजूबाजूला कोण बसले आहे ते पाहतात आणि मग म्हणतात, "तसे आम्ही चित्रपट फारसे पाहत नाही, पण 'संत तुकाराम' आवडला होता, 'श्यामची आई' आवडला होता." हेच गृहस्थ घरी रात्रीचे जेवण आटोपून पडद्यासमोर बसले, म्हणजे मारामारीचा एक प्रसंगही चुकवीत नाहीत. त्यांनी आपल्याला खोटे सांगितले असे आम्ही म्हणणार नाही. चारचौघांत सांगण्याजोगी आवड त्यांनी सांगितली, एवढेच.

नांदेडला काय किंवा लातूरला काय, हा प्रश्न आम्ही पुष्कळांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांजवळ आवडीचे दोन कप्पे असतात. एक दिवाणखान्यातला आणि दुसरा माजघरातला. आमच्याजवळही ते आहेत. हे दोन कप्पे निराळे का पडले, कथा-चित्रपटांचे हे नाना प्रकार मुळात आले कोठून, आणि आपल्या व दुसऱ्याच्या आवडीकडे पाहण्याची नीट रीत कोणती, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम 'प्रकार' म्हणजे काय ते पाहू. पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, विनोदी, रहस्यमय, भीतिदायक अशी नावे आपण रोज घेतो. ही नुसती कपाटावरची लेबले नव्हेत. प्रकार म्हणजे सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला आधीच दिलेला शब्द होय. भिंतीवरच्या जाहिरातीत घोड्यावर बसलेला मावळा दिसला, की तलवार उपसली जाणार आणि गड सर होणार हे ठरलेले असते. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा हाती घेणारा वाचक पहिल्या पानालाच जाणतो, की गुन्हेगार सापडल्यावाचून पुस्तक मिटणार नाही. नारायण धारपांची कथा घेणाऱ्याला ठाऊक असते, की आज रात्री दिवा मालवताना हात थोडा कचरणार आहे. मनाला आज काय हवे आहे ते ओळखून आपण प्रकार निवडतो. दुकानात शिरण्यापूर्वी पाटी वाचावी, तसे हे आहे.

आपल्या पूर्वसूरींनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, आणि नववा जो शांत, त्याची बाजू पुढे अभिनवगुप्ताने समर्थपणे मांडली. रस हा शब्दच मुळी जिभेचा. निरनिराळे मसाले आणि पदार्थ एकत्र आले म्हणजे जशी रुची उत्पन्न होते, तसेच नाट्यात भावांचे होते, असा दृष्टांत भरताने दिला आहे. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त नृत्याचार्य गणदासाच्या तोंडी असा विचार घातला आहे, की माणसांच्या रुची परोपरीच्या असल्या तरी त्या सर्वांचे समाधान एकटे नाट्य करू शकते. रुची भिन्न असणे हा दोष आहे, असे त्या थोर कवीला वाटले नाही. ते आपल्याला केव्हापासून वाटू लागले, हा प्रश्न आहे.

आता आपल्या चित्रपटाचा प्रवास पाहू. दादासाहेब फाळके यांनी पहिल्या चित्रपटासाठी हरिश्चंद्राची कथा घेतली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. चित्र मुके होते. पात्रे ओठ हलवीत, आणि ती काय बोलली ते प्रेक्षकाने पडद्यावरची पाटी वाचून समजून घ्यावयाचे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे काय? त्यांना हरिश्चंद्र आधीच ठाऊक होता. तारामती स्मशानात आली म्हणजे पुढे काय होणार, हे सांगण्याची गरजच नव्हती. तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते, तरीही कोणाचे काही अडले नाही. पौराणिक प्रकार आपल्याकडे सर्वांत आधी आला, त्यात भाविकपणा होता हे खरे. पण नवे यंत्र समजून घ्यावयाचे तर गोष्ट जुनी असणे सोयीचे, हा व्यवहारही त्यात होता. पुढे १९३२ मध्ये मराठी चित्रपट बोलू लागला, तेव्हा 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' काढला. ती पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा होती.

त्यानंतर संतपट आले. दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. विष्णुपंत पागनीसांनी त्यात तुकोबा उभे केले आणि पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच सुमारास शांतारामबापूंनी घरातले प्रश्न पडद्यावर आणले. 'कुंकू' मध्ये म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी त्याला नवरा म्हणून पत्करण्याचे साफ नाकारते. १९३७ साली हे पाहताना कित्येक घरांतल्या कर्त्या पुरुषांना खुर्चीत अवघडून बसावे लागले असेल. स्वातंत्र्याच्या वर्षी 'रामजोशी' आला आणि ढोलकी-तुणतुण्याला पडद्यावर मान मिळाला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, आणि पुढली कित्येक वर्षे पाटील, नाची आणि फड ही मराठी चित्रपटाची ठरलेली सामग्री होऊन बसली. भालजी पेंढारकरांचे ऐतिहासिक चित्रपट या काळातलेच. मग १९७१ मध्ये दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' आला. १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी' आला. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला आणि महाराष्ट्रातल्या बायका पदर डोळ्यांना लावून घरी परतल्या.

या यादीत एक गंमत दडलेली आहे. आपण ज्याला अस्सल आपले म्हणतो, ते पुष्कळदा परगावाहून आलेले असते. 'पिंजरा' हा तमाशापटांतला अगदी मातीतला वाटणारा चित्रपट १९७२ चा. त्याचे मूळ १९३० च्या 'द ब्लू एंजेल' या जर्मन चित्रपटात, आणि त्याचेही मूळ हाइनरिख मान यांच्या कादंबरीत आहे. जर्मन शाळामास्तर आपल्याकडे येऊन गुरुजी झाला, फेटेवाल्यांत बसला आणि कोणाला परका वाटला नाही. 'बनवाबनवी'च्या आधी त्याच कल्पनेवरचा हिंदी चित्रपट १९६६ मध्ये होऊन गेला होता. 'माहेरची साडी'ची कथा राजस्थानी चित्रपटावरून आली. सासुरवास राजस्थानात आणि महाराष्ट्रात सारखाच असल्याने साडी तेवढी बदलावी लागली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाची आवड आणि नांदेड-लातूरच्या प्रेक्षकाची आवड एकाच साच्यातून निघालेली नाही, याला कारणे आहेत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणाची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू. आमच्या वडिलांच्या पिढीने गणित आणि भूगोल उर्दूतून केले. त्यामुळे १९६० मध्ये 'मुघल-ए-आझम' आला तेव्हा त्यातले संवाद इतरांनी नुसते ऐकले. या लोकांना ते कळले. घरी अभंग म्हणणारा आणि बाहेर शेर सांगणारा माणूस आमच्याकडे नवलाचा नव्हता. हिंदी चित्रपटांतील नबाबी थाटाच्या प्रेमकथा मराठवाड्यात आपल्याच वाटल्या, त्या या शिक्षणामुळे.

दुसरी गोष्ट शेजाराची. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याचे तालुके तेलंगणाला लागून आहेत. लातूरकडचे उदगीर, निलंगा, देवणी हे तालुके कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्याला लागून आहेत. सीमेवरच्या बाजाराला तीन-चार भाषा येतात, आणि बाजाराबरोबर गोष्टीही येतात. बलरामाच्या मुलीचे अभिमन्यूवर प्रेम आणि घटोत्कचाने केलेली दुर्योधनाच्या माणसांची फजिती ही कथा घ्या. आपण त्या मुलीला वत्सला म्हणतो, कोठे सुरेखा म्हणतो. बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्ये 'सुरेखाहरण' काढला, त्यात शांतारामबापू श्रीकृष्ण झाले होते. तेलुगूत तीच मुलगी शशिरेखा होते, आणि १९५७ च्या 'मायाबजार' मध्ये एन. टी. रामाराव श्रीकृष्ण होऊन येतात. लग्नाच्या पंगतीचे सगळे अन्न घटोत्कच एकटा फस्त करतो, तो प्रसंग समजायला तेलुगूचे एक अक्षर येण्याची गरज नाही. लातूरच्या रितेश देशमुखांनी २०२२ मध्ये 'वेड' हा चित्रपट दिग्दर्शित केला, तो 'मजिली' या २०१९ च्या तेलुगू चित्रपटावर बेतलेला होता. शंभर वर्षांत साधने बदलली, पण ही देवघेव चालूच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत जुनी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी या दोन्ही ठाण्यांचा गोंधळ आमच्या घरांत चालत आला आहे. लग्न झाले की गोंधळ घालावयाचा. दिवटी पेटते, संबळ वाजू लागते, गोंधळी एकेका दैवताला नाव घेऊन बोलावतो, आणि रात्र चढली म्हणजे आख्यान लागते. आख्यान करुण असते. पण मध्येच साथीदार असा काही वेडगळ प्रश्न विचारतो, की रडत असलेल्या बायका खुदकन हसतात. तमाशाचेही तसेच आहे. माळेगावला खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षातल्या कडाक्याच्या थंडीत, फड उभे राहतात. आधी गण म्हणजे देवाचे स्मरण, मग गवळण, तिच्यात शृंगार आणि थट्टा, मग बतावणी, आणि शेवटी वग, म्हणजे कथा. भक्ती, शृंगार, हास्य आणि वीर असे सगळे एकाच रात्री, एकाच तंबूत, एकाच तिकिटात.

हिंदी चित्रपटात प्रेम, मारामारी, गाणी, आईचे अश्रू आणि विनोदी नोकर असे सारे कोंबलेले असते, म्हणून विद्वान मंडळी नाके मुरडतात. पाश्चात्त्यांकडे पुष्कळदा विनोदी चित्रपट विनोदी असतो आणि भयपट भयाचा असतो. आमच्याकडे सगळी मिसळ, अशी तक्रार असते. आमचे म्हणणे असे, की ही मिसळ हिंदी चित्रपटाने नव्याने शोधलेली नाही. ज्याने गोंधळ जागविला, कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण आणि उत्तररंगाचे आख्यान ऐकले, वग पाहिला, त्याला कथा अशीच असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. वर्षातून एकदा जत्रा. तीत आजी, सून, नातू आणि गडी सगळेच येणार. प्रत्येकासाठी निराळा खेळ लावणे परवडणारे नव्हते. एकाच खेळात प्रत्येकाचा वाटा ठेवावा लागे. जत्रेत फिरत्या चित्रपटाचा तंबू लागू लागला, तेव्हा त्यालाही हाच हिशेब करावा लागला. कनातीत जमिनीवर बसलेल्या माणसांनी आम्हांला पहिल्यांदा शिकविले, की शेजारी रडतो तेथे आपण हसू नये.

हे आम्ही शिकलो असे वर म्हटले खरे. पण पुढे शिक्षण झाले आणि आम्ही ते विसरलो. ती हकिगत सांगितली पाहिजे.

१९७५ हे वर्ष चित्रपटांच्या दृष्टीने विलक्षण होते. 'दीवार', 'शोले' आणि 'जय संतोषी माँ' हे तीन चित्रपट त्या एका वर्षातले. आमच्या गावी ते मागाहून पोहोचले, पण पोहोचले. आमची आजी तोवर चित्रपटगृहाची पायरी चढली नव्हती. देवीचा चित्रपट म्हटल्यावर तिला घरून परवानगी मिळाली. तिने वहाणा बाहेर काढल्या आणि ती अनवाणी आत गेली. आरती लागली तेव्हा पडद्याच्या दिशेने नाणी आणि फुले पडू लागली. हे देशभर घडत होते, हे आम्हांला पुढे वाचून कळले. आम्ही पोरे तेव्हा 'शोले'चे संवाद पाठ करण्यात गुंग होतो. आजीची टिंगल करण्याची संधी आम्ही सोडली नाही. वडिलांना दोन्ही नापसंत. त्यांचे मन जुन्या उर्दू प्रेमकथांत रमलेले. एका घरात तीन आवडी, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची आवड हास्यास्पद वाटत होती.

पुढे १९९१ मध्ये आम्ही लातूरला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. एव्हाना आम्ही शिकलेले, चार ठिकाणी बोलणारे झालो होतो. जागतिक चित्रपट वगैरे शब्द आमच्या तोंडी आले होते. अक्काने 'माहेरची साडी'ला नेले. तिने तो आधी दोनदा पाहिलेला होता. चित्रपटभर ती रडली. तिच्या रांगेतल्या सगळ्याच रडत होत्या. बाहेर आल्यावर आम्ही हसत म्हणालो, "अक्का, किती खोटं आहे ते सगळं. आणि तू तिसऱ्यांदा रडतेस." अक्का रागावली नाही. चालता चालता म्हणाली, "घरी रडावं तर सासू इचारती, काय झालं म्हनून. काय सांगावं? हितं अंधारात कोनी इचारत नाही बघ."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आमच्या बहिणीला रडावयाला जागा नव्हती, ही गोष्ट आम्हांला तिच्या पत्रांतून कळली नाही, दिवाळीच्या भेटीतून कळली नाही. तिच्या चित्रपटाच्या आवडीतून ती उघड झाली, आणि तीही आम्ही हसल्यानंतर. कौटुंबिक चित्रपटाला 'रडका' म्हणून झिडकारणारे बहुधा असे असतात, की ज्यांना आपले दुःख मोकळेपणी बोलता येते, किंवा ज्यांचे दुःख ऐकावयाला कोणीतरी असते. आजीचेही तेच. तिला घराबाहेर पडून चार बायकांत तीन तास बसण्यासाठी देवीचे निमित्त लागत होते. ते निमित्त तिला मिळाले याचा आनंद मानावयाचा सोडून आम्ही तिच्या नाण्यांना हसत होतो.

यावरून कोणी असे समजेल, की ज्याला जे आवडते ते सर्व चांगलेच, असे आमचे मत आहे. तसे नाही. आवडीची लाज नको, पण तिची तपासणी हवी. तमाशापटाचेच पाहा. त्याने लावणी घराघरांत नेली हे त्याचे उपकार. पण फडावरच्या बाईचे त्याने दोनच नमुने केले. एक पुरुषाला नादी लावणारी, आणि दुसरी शेवटच्या रिळात पतिव्रता ठरणारी. यात्रेमागून यात्रा करणारी, पोर पाठीशी बांधून बोर्डावर उभी राहणारी आणि उचल फेडता फेडता थकणारी खरी कलावंतीण त्या चित्रपटांत क्वचितच दिसते. प्रेमपटांचेही असेच. मुलगी नको म्हणत असता तिच्या मागे मागे हिंडणारा नायक वर्षानुवर्षे आपण टाळ्या देऊन मोठा केला. त्या टाळ्यांची किंमत शाळा-कॉलेजच्या वाटेवर मुलींनी मोजली आहे. प्रकाराने दिलेला शब्द गोड असला तरी त्या शब्दासाठी कोणाला गप्प बसविले आहे, हे विचारण्याची सवय प्रेक्षकाने लावून घेतली पाहिजे.

ही तपासणी पुष्कळदा चांगला चित्रपटच आपल्याकडून करवून घेतो. २०१६ सालची गोष्ट. त्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याचा असा दुष्काळ पडला, की मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली; दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्याच महिन्यात, २९ एप्रिलला, नागराज मंजुळे यांचा 'सैराट' लागला. घागरीसाठी पहाटे उठणारी पोरे संध्याकाळी त्या चित्रपटाची गाणी म्हणत होती. पाणी नसताना चित्रपट कसला पाहता, असे म्हणणारे तेव्हा होते. आम्हांला वाटते, कोरड्या विहिरीवर बसलेल्या मुलाला विहिरीत उडी घेणारा नायक पाहावासा वाटला, तर त्यात त्याचे काय चुकले? पण 'सैराट'ने पुढे काय केले ते पाहा. अर्ध्यापर्यंत त्याने प्रेमपटाचा शब्द पाळला. गाणी, धावाधाव, पळून जाणे, सारे दिले. आणि शेवटी, सगळे आता गोड होणार असे वाटत असताना, जातीच्या अभिमानापायी झालेला खून आपल्यासमोर ठेवला. तोही आवाज काढून घेऊन. शिट्ट्या मारीत आत गेलेली माणसे मुकाट्याने बाहेर पडली. नेहमीच्या प्रेमपटात जे झाकले जाते ते त्याने दाखविले. आणि आपण ते पाहिले, कारण आवडीच्या वाटेनेच तो आपल्याला तेथवर घेऊन गेला होता.

आणखी एक उदाहरण आमच्या अगदी घरचे आहे. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचे हनुमंत केंद्रे यांच्या जीवनावर आदिनाथ कोठारे यांनी 'पाणी' हा चित्रपट केला. गावाला पाणी नाही, म्हणून मुलाला मुलगी मिळत नाही. आणि लग्नाच्या आशेने उठलेला हा तरुण गावाला श्रमाला लावून पाणी अडवतो, अशी ती कथा. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला पर्यावरणसंरक्षणाचा पुरस्कार मिळाला. चित्रपटगृहांत ती १८ ऑक्टोबर २०२४ ला आली. आता हिला कोणत्या प्रकारात घालावयाचे? पुरस्कार देणाऱ्यांच्या वहीत ती पर्यावरणाची. आमच्या शेजारच्या मुलीला विचारले, तर ती म्हणाली, "काका, ही लव्हस्टोरी आहे." ज्या गावात टँकर येतो त्या गावात आपली मुलगी द्यावी की न द्यावी, हा विचार मराठवाड्यातल्या किती घरांत झाला आहे! तेथे पाणी आणि प्रेम हे दोन विषय नाहीतच. आमच्या मुलखाच्या गोष्टी पडद्यावर फार थोड्या आल्या आहेत; ज्या येतात त्या ठरलेल्या प्रकारांच्या चौकटीत नीट बसत नाहीत, याचे कारण आमचे जगणे त्या चौकटी करणाऱ्यांनी पाहिलेले नाही. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. भाव पडला म्हणून बाजारात स्वतःच्याच टोमॅटोंवर नाचणारा शेतकरी कोणत्या प्रकारात घालाल? ती ग्रामीण कथा खरी. पण तिच्यातली भीती एखाद्या भयकथेहून कमी नाही.

आता सांगावयाचे ते आजच्या दिवसांविषयी. गावोगावची जुनी एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडत गेली. काहींच्या जागी दुकाने आली, काहींची मंगल कार्यालये झाली. नवी बहुपडदा गृहे झाली, पण त्यांचे तिकीट पिटात बसणाऱ्याच्या खिशाला झेपत नाही. चित्रपट मात्र कमी झाले नाहीत. ते प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलमध्ये आले. आजीचे कीर्तन तिच्या मोबाइलवर, सुनेची मालिका तिच्या मोबाइलवर, नातवाची कोरियातली प्रेमकथा त्याच्या मोबाइलवर, आणि कर्त्या पुरुषाची तेलुगू मारामारी हिंदी आवाजात त्याच्या मोबाइलवर. प्रत्येकाच्या कानात निराळी नळी. भांडण नाही, टिंगल नाही; कारण दुसरा काय पाहतो हे कोणाला ठाऊकच नाही. शिवाय ते यंत्र हुशार आहे. काल आपण काय पाहिले ते लक्षात ठेवून आज तसेच आणखी दहा पुढे करते. ज्याला लाडू आवडला त्याला जन्मभर लाडूच वाढणाऱ्या यजमानासारखे हे आहे. लाडू वाईट नाही. पण अशाने जेवणारा आजारी पडतो.

आमची काळजी चित्रपटगृहांच्या इमारतींबद्दल नाही. आमच्या घरी एकमेकांच्या आवडीची थट्टा होई, हे वाईट होते. पण थट्टा करण्यासाठी का होईना, आम्ही शेजारी बसत होतो. शेजारी बसलो म्हणूनच अक्काचे ते वाक्य आमच्या कानी पडले. तिने तो चित्रपट मोबाइलवर, भिंतीकडे तोंड करून, एकटीने पाहिला असता, तर ती तशीच रडली असती आणि आम्हांला आजतागायत काही कळले नसते.

म्हणून आम्ही एक लहानशी सूचना करतो. तिला पैसा लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि एकाच्या आवडीचा चित्रपट पाहावा. पाळी ठरवून घ्यावी. एका आठवड्यात आजीचा, दुसऱ्यात नातवाचा. ज्याची पाळी असेल त्याला कोणी हसू नये, चित्रपट संपल्यावर मात्र त्याला विचारावे, "तुला यातले काय आवडले?" पुढे जमल्यास हेच गल्लीत करावे, वाचनालयात करावे. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ मध्ये निघाले, तेही चित्रपट एकत्र पाहावे आणि त्याविषयी बोलावे एवढ्याच इच्छेने. नांदेडात आणि लातुरात व्याख्यानाला गर्दी करणाऱ्या श्रोत्यांना हे अवघड नाही. नरहर कुरुंदकरांसारख्या वक्त्याला तासन्‌तास ऐकून घरी जाताना वाद घालणारी ही गावे आहेत. चित्रपटाविषयी तसा वाद घालावयाला काय हरकत आहे?

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हीही दिले पाहिजे. चारचौघांत विचारले तर आम्ही इतके दिवस 'संत तुकाराम' सांगत आलो, आणि तो आम्हांला खरोखरच आवडतो. पण माजघरातला कप्पा उघडावयाचा, तर त्यात वर 'शोले' आहे. त्याच्याखाली तंबूत पाहिलेले, नावेही विसरलेले दोन-तीन तमाशापट आहेत. आणि अगदी तळाशी 'माहेरची साडी' आहे. तो आम्ही त्यानंतर पुन्हा एकदा पाहिला, अक्काच्या शेजारी बसून. चित्रपट आम्हांला पूर्वीइतकाच खोटा वाटला. या वेळी आम्ही पडद्याकडे थोडे कमी पाहिले आणि तिच्याकडे थोडे अधिक.